लाकडी जिगसॉ जुळवणी

लाकडी जिगसॉ जुळवणी हा प्लायवूडवर किंवा पातळ फळीवर चिकटवलेल्या चित्राचे करवतीने अथवा लेझरने कापलेले तुकडे पुन्हा जागच्या जागी बसवण्याचा घरगुती छंद आहे. पुठ्ठ्याच्या कोड्यात चित्र ओळखण्याचा कस लागतो. लाकडी कोड्यात मात्र खरी झुंज कापणाऱ्याशी असते.

लंडनमधील नकाशाकार जॉन स्पिल्सबरी याने १७६०च्या दशकात नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले आणि भूगोल शिकवण्याचे साधन म्हणून विकले. नाशिकच्या मुलांच्या हाती येणारा महाराष्ट्राचा जिल्हावार लाकडी नकाशा याच परंपरेतला. त्यात नाशिकचा तुकडा कडेचा असतो, कारण वायव्येला गुजरातची हद्द लागते. अशा नकाशाच्या साच्याचे वयही ताडता येते : धुळ्यापासून नंदुरबार वेगळा झालेला नसेल तर साचा १९९८पूर्वीचा, आणि नाशिकच्या पश्चिमेला पालघर नसून सगळे ठाणेच असेल तर २०१४पूर्वीचा.

प्रौढांचा छंद म्हणून हा खेळ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फोफावला; १९०९मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने काही काळ इतर खेळ बाजूला ठेवून केवळ लाकडी कोडी कापली. पुढे १९३०च्या दशकातील मंदीत साच्याने छापून कापलेली पुठ्ठ्याची स्वस्त कोडी आली आणि लाकडी कोडे हौसेची, महाग वस्तू बनले.

कापणीच्या खोड्या हा या छंदाचा सर्वांत रसाळ भाग होय. कापणारा रंग बदलतो त्याच रेषेवरून करवत फिरवतो, त्यामुळे आकाशाचा तुकडा शेजारच्या छपराची कोणतीही खूण अंगावर बाळगत नाही. चित्राच्या मधल्या तुकड्यांना तो सरळ कडा देतो, म्हणजे आधी चौकट लावून घेण्याची सवय फसते. आणि पक्षी, मासा, माणूस अशा ओळखू येणाऱ्या आकारांचे तुकडे मधूनच पेरतो. पंचवटीतील काळाराम मंदिराच्या काळ्या पाषाणी भिंतीसारखे एकरंगी चित्र पुठ्ठ्यावर कंटाळवाणे ठरेल, पण लाकडात तेच आव्हान देते, कारण तेथे डोळ्यांपेक्षा बोटे अधिक शोधतात. डब्यावर चित्र न छापण्याची जुनी रीत आज बरीचशी मागे पडली आहे, हे खेदाचेच.

प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने बारीक मानेचा तुकडाही सहसा मोडत नाही. ओलाव्याचा परिणाम मात्र टळत नाही. नाशिकचा हिवाळा कोरडा असल्याने तुकडे सैल बसतात, तर आषाढ-श्रावणातील दमट हवेत ते फुगून घट्ट होतात, आणि जोर लावल्यास चित्राचा कागद कोपऱ्यात सुटतो. अशा वेळी उन्हात वाळवणे टाळावे, फळी वाकते. लेझरने कापलेल्या तुकड्यांच्या कडा जळून काळ्या पडलेल्या असतात, म्हणून नवा संच कोरड्या फडक्याने पुसून घेतात.

तुकडा हरवल्यास रिकाम्या जागेवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने कडांचा ठसा घेतात आणि तितक्याच जाडीच्या प्लायवूडमधून नवा तुकडा बारीक करवतीने कापून, कानशीने घासून बसवतात. रंग मात्र हाताने जुळवावा लागतो.