मानवी हक्क करारांची अहवाल पद्धती

मानवी हक्क करारांची अहवाल पद्धती : संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कविषयक करारात सहभागी झालेल्या राष्ट्राने त्या कराराची आपल्या देशात काय अंमलबजावणी झाली याचा लेखी हिशेब ठरावीक मुदतीने द्यायचा आणि तज्ज्ञांच्या समितीपुढे बसून प्रश्नांना उत्तरे द्यायची, ही व्यवस्था. या समित्यांना दंड करता येत नाही, शिक्षा सुनावता येत नाही, त्यांच्या हाताशी पोलीस नाहीत. प्रश्न विचारणे आणि मिळालेले उत्तर नोंदवून ठेवणे एवढेच त्यांच्या हाती असते. त्यामुळे एखादा करार कामाचा ठरला की कागदावर राहिला, याचा निकाल या समित्या जिथे बसतात त्या जिनीव्हात कमी आणि त्या देशाच्या मंत्रालयांत, न्यायालयांत, जिल्ह्याच्या कचेऱ्यांत जास्त लागतो.

१० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा कोणत्याही राष्ट्राला कायद्याने बांधत नव्हता. त्याच्या पहिल्या कलमात ‘पुरुष’ असा अर्थ निघू शकणारी शब्दरचना बदलून ‘सर्व मानव’ असे शब्द आणण्यात भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांचा मोठा वाटा होता. बंधन आले ते नंतरच्या करारांनी. १९६५ चा वंशभेदविरोधी करार पहिला. १९६६ मध्ये नागरी व राजकीय हक्क आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्क असे दोन स्वतंत्र करार झाले. पुढे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नाहीसा करण्याविषयीचा ‘सीडॉ’ (१९७९), छळविरोधी करार (१९८४), बालहक्क संहिता (१९८९), स्थलांतरित कामगारांविषयीचा करार (१९९०), आणि २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा व सक्तीने नाहीसे केले जाण्याविरुद्धचा, असे एकूण नऊ मुख्य करार आज आहेत. प्रत्येकाची स्वतंत्र समिती आहे. याखेरीज छळविरोधी कराराला जोडलेली दहावी समिती अहवाल वाचत बसत नाही. ती थेट तुरुंग आणि कोठड्यांना भेटी देते. समितीचे सदस्य राष्ट्रे निवडतात, पण ते आपल्या सरकारचे प्रतिनिधी म्हणून बसत नाहीत आणि त्यांना पगार नसतो. भारताचे माजी सरन्यायाधीश प्रफुल्लचंद्र भगवती नागरी व राजकीय हक्कांच्या समितीवर अनेक वर्षे होते. ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग सीडॉ समितीवर होत्या.

कामाची रीत साधारण अशी. सरकार अहवाल पाठवते. समिती तो वाचून मुद्द्यांची यादी काढते. दरम्यान देशातील संघटना आपला समांतर अहवाल धाडतात. कार्यकर्त्यांच्या बोलण्यात त्याला ‘शॅडो रिपोर्ट’ म्हणतात. सरकारी अहवालात कायद्यांची नावे आणि योजनांचे आकडे असतात. कायदा असूनही फिर्याद का नोंदवली गेली नाही, हे समांतर अहवालात असते. समितीच्या नेमक्या प्रश्नांपैकी पुष्कळसे याच कागदांतून निघतात. मग जिनीव्हात तीन तासांच्या दोन बैठकांत सरकारच्या शिष्टमंडळाशी संवाद होतो. शेवटी समिती आपली निरीक्षणे व शिफारशी जाहीर करते आणि त्यांपैकी निकडीच्या शिफारशींवर काय केले ते एक ते तीन वर्षांत कळवायला सांगते.

अहवाल नेमका कशासाठी, याचे सर्वांत नेटके उत्तर आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या समितीने १९८९ मध्ये आपल्या पहिल्याच सर्वसाधारण टिप्पणीत, म्हणजे कराराचा अर्थ सर्व राष्ट्रांसाठी उलगडणाऱ्या टिपणात, दिले. तिने सात उद्दिष्टे सांगितली. त्यांत देशाने आपले कायदे व व्यवहार स्वतः तपासून पाहणे, खरी परिस्थिती नियमितपणे मोजणे, धोरण आखण्याला आधार मिळणे आणि सरकारच्या कामाची जनतेला छाननी करता येणे, ही घरातलीच कामे आहेत. समितीला माहिती पुरवणे हा त्या यादीतला एक भाग आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक सरकारे अहवालाकडे परराष्ट्र खात्याचा पत्रव्यवहार म्हणून पाहतात. मुदत टळून गेल्यावर घाईने माहिती गोळा होते, ती ज्यांच्याविषयी आहे त्यांना विचारले जात नाही, आणि सुनावणी संपली की फाइल बंद होते. या पद्धतीचे खरे दुखणे हे आहे.

दिरंगाईचे दुखणे मात्र जास्त चर्चिले गेले. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ फिलिप ऑल्स्टन यांनी १९८९ ते १९९७ या काळात या व्यवस्थेवर तीन अहवाल दिले. अनेक राष्ट्रे अहवाल देतच नाहीत किंवा फार उशिरा देतात म्हणूनच ही यंत्रणा चालू शकते, असे त्यांनी शेवटच्या अहवालात दाखवून दिले. सगळ्यांनी वेळेवर दिले असते तर समित्यांना ते वाचायला वेळच पुरला नसता. मानवी हक्क उच्चायुक्त नवी पिल्ले यांच्या २०१२ च्या अहवालानुसार, २०१० व २०११ मध्ये देय असलेल्या अहवालांपैकी केवळ १६ टक्के ठरल्या तारखेला आले होते. सर्व करारांसाठी पाच वर्षांचे एकच वेळापत्रक ठेवा, ही त्यांची सूचना राष्ट्रांनी मान्य केली नाही. ९ एप्रिल २०१४ च्या आमसभेच्या ठरावाने (क्रमांक ६८/२६८) समित्यांच्या बैठकींचा वेळ वाढवला आणि अहवालांना शब्दमर्यादा घातली: पहिल्या अहवालाला ३१,८००, नंतरच्या प्रत्येकाला २१,२०० शब्द. छळविरोधी समितीने २००७ मध्ये सुरू केलेली सोपी रीतही आता रुळली आहे. तीत समिती आधी प्रश्न पाठवते आणि त्यांची उत्तरे हाच अहवाल मानला जातो. या सुधारणा उपयोगी आहेत, पण त्या जिनीव्हातला ढीग कमी करतात. ज्याच्यासाठी करार झाला त्याच्या दारात काय पोहोचले, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. त्यात संयुक्त राष्ट्रांच्या पैशाच्या चणचणीमुळे अलीकडे समित्यांच्या कामालाच कात्री लागली आहे.

भारत नऊपैकी सहा करारांत सहभागी आहे. वंशभेदविरोधी कराराचे अनुसमर्थन (सहीनंतरची, करार बंधनकारक करणारी मान्यता) १९६८ मध्ये झाले, १९६६ चे दोन्ही करार १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारले गेले, बालहक्क संहिता १९९२ मध्ये, सीडॉ १९९३ मध्ये आणि अपंग हक्क करार २००७ मध्ये. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही झाली, पण अनुसमर्थन अजून झालेले नाही. विधी आयोगाने २०१७ मध्ये आपल्या २७३ व्या अहवालात ते करावे अशी शिफारस केली होती. नागरी व राजकीय हक्कांवरचा भारताचा तिसरा अहवाल जुलै १९९७ मध्ये तपासला गेला. चौथा २००१ च्या अखेरीस द्यायचा होता; त्याची सुनावणी जुलै २०२४ मध्ये झाली. मध्ये सत्तावीस वर्षे गेली. सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याबद्दल समितीने १९९७ मध्ये चिंता व्यक्त केली होती, आणि २०२४ मध्येही तिला त्याच कायद्यावर बोलावे लागले.

तरीही कराराने घरात काम केल्याची चांगली उदाहरणे भारतातच आहेत. राजस्थानातील एका साथीणीवरील (सरकारी महिला विकास कार्यक्रमाच्या गावातील कार्यकर्तीवरील) सामूहिक बलात्कारानंतर महिला संघटना न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्याचा निकाल दिला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध तेव्हा देशात कायदा नव्हता. न्यायालयाने राज्यघटनेतील मूलभूत हक्क सीडॉ आणि त्या समितीच्या सर्व राष्ट्रांसाठी असलेल्या १९ व्या सर्वसाधारण शिफारशीसोबत वाचले आणि मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३ चा कायदा त्यांच्यावर उभा आहे. बालहक्क संहितेमुळे बालन्याय कायद्यात २००० साली मुलग्यांना बालक मानण्याची वयोमर्यादा सोळावरून अठरा झाली.

विवाह नोंदणीची गोष्ट जास्त बोलकी आहे. सीडॉ स्वीकारताना भारताने घोषणा करून ठेवली की विवाहाची सक्तीची नोंदणी हे तत्त्व मान्य आहे, पण रूढी, धर्म आणि साक्षरता यांत एवढे वैविध्य असलेल्या विशाल देशात ते व्यवहार्य नाही. हे लिहिले जात असताना जुन्या मुंबई राज्याचा विवाह नोंदणीचा कायदा (१९५३) चाळीस वर्षांचा झाला होता आणि गोव्यात पोर्तुगीज काळापासून नोंदणी सक्तीची होती. म्हणजे ‘अव्यवहार्य’ म्हटलेली गोष्ट त्याच देशाच्या एका भागात रोजच्या कारकुनी कामाचा भाग होती. महाराष्ट्राने १९९८ मध्ये नवा कायदा केला. १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्विनी कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या घोषणेचा आणि राज्यांच्या कायद्यांचा आढावा घेऊन सर्व धर्मांच्या नागरिकांचे विवाह नोंदवले जावेत असा आदेश दिला. सीडॉ समितीने २०००, २००७ आणि २०१४ अशा तिन्ही सुनावण्यांत भारताला या घोषणेचा फेरविचार करण्यास सांगितले आहे.

राज्यांचा मुद्दा इथेच येतो. करार करते केंद्र सरकार, आणि घटनेच्या २५३ व्या कलमाने त्यासाठी कोणत्याही विषयावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे. पण पोलीस, तुरुंग आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्यसूचीतले विषय आहेत. जिनीव्हात विचारलेल्या कोठडीतील मृत्यूच्या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या गृह विभागात आणि त्या त्या पोलीस ठाण्याच्या डायरीत असते. बालहक्क आणि सीडॉचे अहवाल महिला व बालविकास मंत्रालय पाहते, अपंग हक्कांचा सामाजिक न्याय मंत्रालय; शिफारशी अशा खात्याखात्यांत विखुरतात. काही देशांनी यावर कायमची यंत्रणा उभी केली आहे. पोर्तुगालमध्ये २०१० पासून सर्व मंत्रालयांची राष्ट्रीय मानवी हक्क समिती आहे. पॅराग्वेने २०१४ पासून ‘सिमोरे’ ही संगणकीय नोंदवही चालवली असून कोणती शिफारस कोणत्या खात्याकडे आहे आणि तिच्यावर काय झाले हे कोणाही नागरिकाला पाहता येते. आपल्याकडे राष्ट्रीय (१९९३) आणि राज्य मानवी हक्क आयोग आहेत. मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या व्याख्येतच १९६६ च्या करारांचा उल्लेख आहे. शिफारशींची राज्यवार नोंद ठेवणे हे त्यांच्या अधिकारात सहज बसणारे काम आहे. निरीक्षणे स्थानिक भाषांत पोहोचवा, असे समित्याही सांगत असतात. ती मराठीत तहसील कचेरीपर्यंत आली, तर ग्रामसभेतला माणूसही सरकारचेच वचन सरकारपुढे ठेवू शकेल.

महाराष्ट्राशी सर्वांत जवळचा प्रश्न वंशभेदविरोधी कराराचा आहे. त्याच्या पहिल्या कलमात वर्ण आणि वंशासोबत ‘कूळ’ हाही भेदभावाचा आधार आहे, आणि हा शब्द १९६५ मध्ये भारताच्याच सूचनेने आला. पुढे समितीने १९९६ मध्ये, आणि सविस्तरपणे २००२ च्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत, जात त्यात मोडते असे म्हटले; भारत सरकारने जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा धागा करार होण्याआधीच पकडला होता. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती आणि अस्पृश्यांची स्थितीही तशीच असल्याचे कळवले होते.

फेब्रुवारी २००७ च्या सुनावणीनंतर याच समितीने भटक्या-विमुक्तांबद्दल वेगळा परिच्छेद लिहिला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने शिक्का मारलेल्या या जमाती १९५२ मध्ये मुक्त झाल्या, सोलापूरच्या सेटलमेंटचे (त्यांना डांबून ठेवणाऱ्या वसाहतीचे) तारेचे कुंपण गेले, रोजची हजेरी थांबली. पण सराईत गुन्हेगार कायद्यांनी तो संशय पुढे चालू ठेवला, म्हणून ते कायदे रद्द करा आणि या लोकांचे पुनर्वसन करा, अशी शिफारस झाली. महाराष्ट्रात असा कायदा १९५९ चा आहे. चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते, हे गावोगाव ठाऊक आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयी निकाल देताना कारागृह नियमावल्यांतील विमुक्त जमातींवरचे असे शिक्के घटनाबाह्य ठरवले आणि पोलिसांनी त्यांना मनमानीने अटक करू नये असे बजावले. भारताने या करारावरचा पुढचा अहवाल ४ जानेवारी २०१० पर्यंत द्यायचा होता. २०२४ संपेपर्यंत तरी त्या समितीपुढे भारताची पुन्हा सुनावणी झालेली नव्हती.