आकडा ४८चाच, रेषा मात्र हलल्या : लोकसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातून १९७७ साली लोकसभेवर ४८ खासदार गेले आणि २०२४ सालीही ४८च गेले. १९७१च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटी होती, २०११च्या जनगणनेत ती सव्वाअकरा कोटी झाली. आकडा हलला नाही, कारण तो कायद्याने गोठवलेला आहे. पण नकाशा तोच राहिला नाही. कराड नावाचा लोकसभा मतदारसंघ आज शोधून सापडणार नाही. पंढरपूर, खेड, कोपरगाव हेही गेले. माढा, शिरूर, मावळ, शिर्डी ही नावं २००९ सालच्या निवडणुकीपासून आली.

पुनर्रचना म्हणजे मुळात दोन वेगळी कामं आहेत. कोणत्या राज्याला किती जागा, हे एक. आणि मिळालेल्या जागांच्या हद्दी राज्याच्या आत कुठून कुठे आखायच्या, हे दुसरं. सध्या या विषयावर जी वादावादी चालते, तिच्यात ही दोन्ही एकाच पिशवीत कोंबली जातात. १९७६ सालीही नेमकं तेच झालं होतं आणि त्याची किंमत मोजली ती वाढत्या शहरांतल्या मतदाराने.

सुरुवातीपासून पाहू. संविधानाच्या अनुच्छेद ८१ने तत्त्व सांगितलं ते असं : राज्याच्या जागा आणि राज्याची लोकसंख्या यांचं प्रमाण शक्यतो सगळीकडे सारखं असावं. अनुच्छेद ८२ म्हणतो, प्रत्येक जनगणनेनंतर हे प्रमाण पुन्हा जुळवावं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी आयोग वगैरे काही नव्हता. राष्ट्रपतींच्या आदेशाने मतदारसंघ ठरले. ४८९ जागा होत्या, पण मतदारसंघ ४०१च. कारण ८६ मतदारसंघांतून दोन-दोन खासदार निवडायचे होते आणि उत्तर बंगालमधल्या एका मतदारसंघातून तर तीन.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या निवडणुकीत मुंबईतल्या ज्या मतदारसंघातून उभे राहिले, तो असाच दोन जागांचा होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदाराला दोन मतं. राखीव जागा काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी जिंकली आणि संविधान लिहिणारा माणूस पहिल्या लोकसभेत निवडून जाऊ शकला नाही. पुढे भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तेच झालं, आणि तोही मतदारसंघ दोन जागांचाच होता.

या पद्धतीचा शेवट झाला त्यात एका निवडणूक खटल्याचा वाटा मोठा. १९५७ साली आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये दोन्ही जागांवर अनुसूचित जमातीचे उमेदवार निवडून आले, एक राखीव जागेवर आणि दुसरा सर्वसाधारण. पराभूत झाले ते व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले. त्यांनी दाद मागितली. राखीव गटातल्या उमेदवाराला जास्त मतं असतील तर सर्वसाधारण जागाही त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली दिला. त्यानंतर १९६१च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघच रद्द झाले.

स्वतंत्र आयोगाची पद्धत १९५२च्या कायद्याने आली. पुढे १९६२, १९७२ आणि २००२ साली पुन्हा कायदे झाले, पुन्हा आयोग नेमले गेले. आयोगाचा अध्यक्ष म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश. राज्यातले काही खासदार आणि आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात. ते मत मांडू शकतात, पण मतदान करू शकत नाहीत. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावण्या होतात. अंतिम आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचं बळ येतं, संसदही तो बदलू शकत नाही. उज्जैन राखीव झाल्यावर मेघराज कोठारी न्यायालयात गेले होते. हा आदेश न्यायालयात तपासता येणार नाही, असं १९६६ साली त्यांना सांगण्यात आलं.

मतदारसंघांना क्रमांक देण्याचीही रीत आहे. राज्याच्या वायव्य कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि नागमोडी जात आग्नेयेकडे संपवायचं. म्हणून आपल्याकडे लोकसभेचा पहिला क्रमांक नंदुरबारचा आणि शेवटचा हातकणंगल्याचा. विधानसभेत पहिला अक्कलकुवा, २८८वा जत.

आता १९७६. आणीबाणी चालू होती आणि कुटुंबनियोजनाचा सरकारी रेटा टिपेला पोचला होता. ज्या राज्यांनी लोकसंख्या आवरली त्यांच्या जागा कमी होणार आणि ज्यांनी नाही आवरली त्यांच्या वाढणार, हा उघड अन्याय होता. आणि ही भीती काल्पनिक नव्हती. १९६१च्या जनगणनेवरून झालेल्या फेरवाटपात तेव्हाच्या मद्रास राज्याच्या जागा ४१वरून ३९ झाल्या होत्या. म्हणून ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यनिहाय जागा १९७१च्या लोकसंख्येवर थांबवल्या, त्या २००० सालानंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. त्यातला राज्याराज्यांमधल्या न्यायाचा भाग मला पटतो. केंद्राने सांगितलं ते ज्यांनी मनावर घेतलं, त्यांना शिक्षा कशी करणार?

पण त्याच दुरुस्तीने राज्यांच्या आतल्या हद्दीही गोठवल्या. त्याला काय कारण होतं? ठाणे आणि सातारा यांच्यात रेषा हलवल्याने तामिळनाडूची एकही जागा कमी होत नव्हती. तरी त्या रेषा थांबल्या आणि १९७७ ते २००४ अशा नऊ लोकसभा निवडणुका त्याच नकाशावर झाल्या. एवढ्या काळात डोंबिवली, कल्याण, नवी मुंबई, वसई-विरार वाढून कुठच्या कुठे गेली. पण आख्ख्या ठाणे जिल्ह्याला लोकसभेच्या दोनच जागा, ठाणे आणि डहाणू. दिल्लीत तर २००४ साली बाहेरील दिल्ली मतदारसंघात तीस लाखांहून जास्त मतदार होते आणि चांदनी चौकात चार लाखांच्या आत. एकाच शहरातल्या दोन मतांच्या वजनात जवळजवळ आठपट फरक. हा फरक कुटुंबनियोजनासाठी कुणालाही नको होता. दोन कामं एकत्र बांधल्याने तो आला.

२००१ साली मुदत संपत आली तेव्हा संसदेने निदान ही गाठ सोडवली. ८४व्या दुरुस्तीने राज्यनिहाय जागा २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तशाच ठेवल्या, पण राज्यांतर्गत हद्दी बदलायला मोकळीक दिली. त्यासाठी आधी १९९१ची जनगणना धरली होती. ८७व्या दुरुस्तीने २००१ची धरली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने काम केलं आणि फेब्रुवारी २००८मध्ये ते लागू झालं.

महाराष्ट्रात त्या आदेशाने राजकारणाचा गुरुत्वमध्य हलवला. ठाणे जिल्ह्याचे विधानसभा मतदारसंघ १३वरून २४ झाले. लोकसभेच्या जागा दोनाच्या चार झाल्या : पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे. मुंबईच्या विधानसभा जागा ३४वरून ३६. एकूण २८८च असल्यामुळे हे कुठून तरी येणारच होतं. सातारा जिल्ह्यात दहाचे आठ झाले, खटाव आणि जावळी गेले. रत्नागिरीत सातांचे पाच, खेड आणि संगमेश्वर गेले. गावाकडच्या माणसाला हे टोचलं आणि ते मी समजू शकतो. तालुक्याचा हक्काचा आमदार जाणं ही साधी गोष्ट नाही. पण शहरात राहणाऱ्यांची मतं तीस वर्षं हलकी धरली गेली होती, हेही तितकंच खरं. आणि शहरात राहणारी ती माणसं बहुतेक याच सातारा-रत्नागिरीतून गेलेली.

पुढाऱ्यांनाही जागा शोधाव्या लागल्या. शरद पवार २००९ साली नव्या माढ्यातून उभे राहिले. त्या मतदारसंघात सोलापूर जिल्ह्यातल्या चार विधानसभा जागांना साताऱ्यातले फलटण आणि माण जोडलेले आहेत. पंढरपूरचे खासदार रामदास आठवले राखीव झालेल्या शिर्डीत गेले आणि हरले. सोलापूर राखीव झालं, तिथून सुशीलकुमार शिंदे निवडून आले.

सगळ्यांत बोलका नकाशा मावळचा. कर्जत, पनवेल, उरण हे बोरघाटाखालचे, रायगड जिल्ह्यातले. मावळ, चिंचवड, पिंपरी घाटावरचे, पुणे जिल्ह्यातले. कायदा म्हणतो की मतदारसंघ सलग असावा, भौगोलिक रचना, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. इथे उरणच्या खाडीकाठचा कोळी आणि पवनेच्या खोऱ्यातला भातशेतकरी यांच्यामध्ये आख्खा सह्याद्री आहे. तरी त्यांचा खासदार एक. लोकसंख्येचा हिशेब जुळवताना डोंगर बाजूला ठेवावा लागतो, तो असा. जम्मू-काश्मीरमध्ये न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या आयोगाने २०२२ साली पीर पंजालच्या दोन्ही बाजूंचा अनंतनाग-राजौरी मतदारसंघ केला, तेव्हा हाच आक्षेप तिथे निघाला.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाने ठरली आहे. म्हणजे १९७१चा गोठलेला आकडा ज्या २०२६ सालापर्यंत टिकवायचा होता, ते वर्ष उलटल्यानंतरची पहिली. २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीने महिलांचं एक-तृतीयांश आरक्षणही जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेला जोडून ठेवलं. मार्च २०२५मध्ये चेन्नईत दक्षिणेतल्या आणि इतर काही राज्यांच्या नेत्यांनी बैठक घेऊन जागांचं गोठवणं आणखी चालू ठेवण्याची मागणी केली. ती राज्याराज्यांमधल्या वाटपाबद्दल आहे आणि तिच्यामागे १९७६ साली दिलेला शब्द आहे.

आतल्या रेषांचं मात्र तसं नाही. आपल्या आजच्या हद्दी २००१च्या लोकसंख्येवर बेतलेल्या आहेत. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सरासरी एका मतदारसंघात साडेतीन लाखांच्या आत मतदार होते. चिंचवड आणि पनवेलमध्ये प्रत्येकी सहा लाखांहून जास्त. दोन्ही मावळ लोकसभेतलेच, एक घाटाच्या वर, एक खाली.