खानदेशातलं थांबणं : प्लेगच्या झोपड्यांपासून टाळेबंदीपर्यंत

मार्च 2020च्या मध्यावर महाराष्ट्र सरकारने साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला, तो 1897 सालचा. 1896च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग सापडला आणि पुढच्याच फेब्रुवारीत इंग्रज सरकारने हा कायदा करून टाकला. सव्वाशे वर्षांनी त्याच कायद्याच्या आधारे धुळे, जळगाव, नंदुरबारचे बाजार बंद झाले. 22 मार्चला जनता कर्फ्यू, 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी. त्या दिवसांत जो तो म्हणत होता, असं कधी पाहिलं नव्हतं. ते खरंच होतं, कारण ज्यांनी पाहिलं होतं ती पिढी केव्हाच गेली होती. पण खानदेशाने आधीही असं थांबून पाहिलेलं आहे, आणि थांबल्यावर माणसं काय विचार करतात याच्या खुणाही इथे आहेत.

प्लेग आत आला तो मुख्यतः रेल्वेच्या वाटेने. भुसावळसारखं जंक्शन असलेला मुलूख त्यातून सुटणं शक्य नव्हतं. घरात उंदीर मरून पडला की गावाला कळायचं. मग दाणे, भांडी, अंथरुणं गाडीत घालून, गुरं सोडून कुटुंबं शेताकडे निघायची. कडबा आणि कपाशीच्या पऱ्हाट्या यांच्या झोपड्या बांधायच्या, मध्ये चूल मांडायची आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच राहायचं. म्हणजे 2020च्या अगदी उलट. तेव्हा जीव वाचवायला घर सोडावं लागे, आता घरात कोंडून घ्यावं लागलं. लोकांची ही समज चुकीची नव्हती. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो असं पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने 1898मध्ये दाखवलं, आणि तेही सगळ्यांना पटायला पुढे काही वर्षं गेली.

आसोद्याला 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी याच काळातल्या. ऐन तिशीत वैधव्य आलं, थोरल्या मुलाला प्लेगने कायमचं अपंगत्व दिलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. जे सुचलं ते जात्यावर, शेतात, चुलीपुढे सुचलं आणि मुलाने व नातलगाने लिहून घेतलं म्हणून उरलं. निवांत वेळ मिळाला की माणूस अंतर्मुख होतो, असं टाळेबंदीत फार बोललं गेलं. बहिणाबाईंना निवांत वेळ कधी मिळाला? त्यांचं चिंतन कामाच्या आतूनच आलं, आणि मला तेच खानदेशाचं खरं वळण वाटतं.

1918ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, त्याहून निर्दय होती. जूनमध्ये मुंबईत तापाची पहिली लाट आली, सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या लाटेने कहर केला. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. देशभरात 1 कोटी 20 लाख ते 2 कोटी माणसं दगावली असे अंदाज आहेत. तरण्याताठ्या माणसांवरच घाला पडला, त्यामुळे शेतात काम करणारे हात गेले. दुष्काळ आणि ताप एकदम आले की थांबून विचार करायला कोणाला उसंत मिळणार?

सक्तीच्या बंदिवासातून चिंतन कसं उभं राहतं याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण मात्र धुळ्याचंच आहे. 1932मध्ये सविनय कायदेभंगात पकडलेले सत्याग्रही धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात विनोबा भावे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. फाल्गुन-चैत्रापासून ज्येष्ठापर्यंतचे हे दिवस, म्हणजे धुळ्याच्या उन्हाचा कडाका. समोर विद्वानांची सभा नव्हती, राजबंदी होते. साने गुरुजींनी ते बोलणं भराभर उतरवून घेतलं, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. विनोबांनी तिथे कर्मयोग समजावला तो रोजच्या, साध्या कामांच्या भाषेत. साने गुरुजी त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, आणि त्याच अमळनेरात, कापडगिरणीच्या गावात, 1916पासून तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था चालत होती. गिरणीचा भोंगा आणि वेदान्ताचा अभ्यास एका गावात नांदत होते, हे आपण खानदेशी माणसं फार कमी सांगतो.

2020ची टाळेबंदी आली ती नेमकी आपल्या मंदावण्याच्या ऋतूत. रब्बी निघालेली, कपाशीची लागवड अजून लांब. चैत्र-वैशाखात दुपारी बारा ते चार खानदेशातले रस्ते तसेही ओस पडतात. हे दिवस बिबड्यांचे, कुरडयांचे, पापडांचे. ज्वारीचं पीठ मोठ्या पातेल्यात रटरटत शिजवायचं, ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, खाटेवर वाळत घालायचं. एकटीदुकटीचं हे काम नव्हे, गल्लीतल्या चारपाच जणी लागतात. त्या वर्षी ज्याने त्याने आपापल्या घरात जमेल तेवढं केलं. बायकांची गप्पांची, मन मोकळं करायची हक्काची जागाच गेली, आणि टाळेबंदीतल्या शांततेचं कौतुक करताना ही गोष्ट कोणी मोजली नाही.

26 एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती. खानदेशात दिवाळीच्या तोडीचा हा सण. भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला जातो, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. घरोघर पितरांची घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारावरच्या शेतगड्याचं, सालही आखाजीलाच संपतं आणि नवं ठरतं, म्हणजे वर्षाचा हिशेब मांडण्याचाच हा दिवस. त्या आखाजीला घागर भरली गेली, पण जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या, लेकी यायच्या कशा? पुढे आषाढीला मुक्ताईची पालखीही पायी निघाली नाही. महिनाभर चालणारी वाट पादुकांनी एसटीने पार केली. वारकऱ्याचं चिंतन चालण्यात असतं. घरी बसून नाम घेता येतं, पण वारीची भूक त्याने भागत नाही.

आणि त्याच वेळी मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळे-शिरपूरहून बिजासन घाटाकडे, माणसं चालत होती. सुरतेच्या बाजूने आपलीही होती. सुरतेतल्या उधना, लिंबायतला पोट भरायला गेलेली खानदेशी कुटुंबं मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी गावाकडे आली. अनेक गावांनी वेशीवर काट्या टाकल्या होत्या, आलेल्यांना शाळेत चौदा दिवस ठेवत होते. थांबणं कोणाला परवडतं, हा प्रश्न टाळेबंदीच्या प्रत्येक आठवणीत आधी विचारायला हवा. घरात वर्षाचे दाणे होते त्याला विचार करायला सवड मिळाली. रोजंदारीवाल्यानेही विचार केलाच, शाळेच्या वर्गात चौदा दिवस पडून तर खूपच केला असणार, पण तो लिहून घ्यायला कोणी नव्हतं.

मानमोडीतून वाचलेल्यांना आता काहीच विचारता येणार नाही. सुरतेहून त्या उन्हाळ्यात आलेली माणसं मात्र अजून आपल्याच गल्लीत आहेत. त्यांचं बोलणं त्यांच्याच अहिराणीत टिपून ठेवायचं काम आत्ता करता येतं.