लेकीचा वाटा आणि भावकीचा हक्क

इ.स. 625 मध्ये मदिनेजवळ उहुदची लढाई झाली. तीत साद इब्न अल-रबी हे पैगंबरांचे सहकारी मारले गेले. मागे पत्नी, दोन मुली आणि एक भाऊ. जुन्या अरब रिवाजात लढू शकणारा पुरुषच वारस, म्हणून भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. पत्नी दाद मागायला पैगंबरांकडे गेली. सुन्नी परंपरेतल्या हदीसप्रमाणे (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदीप्रमाणे) निवाडा असा झाला: मुलींना दोन तृतीयांश, पत्नीला एक अष्टमांश, उरेल ते भावाला. मालमत्तेचे 24 भाग धरले तर मुलींना 16, पत्नीला 3 आणि भावाला 5.

सुन्नी आणि शिया कायद्यांचा फाटा नेमका या 5 भागांपाशी फुटतो. शिया फिकहमध्ये, म्हणजे धर्मकायद्यात, तेही मुलींकडेच जातात. मुलींना 21, पत्नीला 3, भावाला काही नाही.

दोघांचे कुराण एकच आहे. चौथ्या सूऱ्यातल्या (अध्यायातल्या) 11, 12 आणि 176 या आयतींत सहा अपूर्णांक येतात: 1/2, 1/4, 1/8, 2/3, 1/3 आणि 1/6. एकटी मुलगी असेल तर तिला निम्मे, दोन किंवा अधिक मुली असतील तर सगळ्यांत मिळून 2/3. मूलबाळ नसेल तर नवऱ्याला 1/2, असेल तर 1/4. बायकोला याच हिशेबाने 1/4 किंवा 1/8. मुलगा आणि मुलगी दोघे असतील तर मुलाला मुलीच्या दुप्पट. इथवर वाद नाही. वाद दोन प्रश्नांचा आहे: सगळे वाटे देऊन काही उरले तर ते कोणाचे, आणि वाट्यांची बेरीज एकाच्या वर गेली तर कोणाचा वाटा कापायचा?

पहिल्या प्रश्नाला सुन्नी विद्वान एका हदीसने उत्तर देतात: ठरलेले वाटे ज्यांचे त्यांना द्या, उरलेले सर्वांत जवळच्या पुरुषाला. या पुरुषाच्या बाजूच्या नात्यांना ‘असबा’ म्हणतात. आपल्याकडचा सर्वांत जवळचा शब्द भावकी. मुलगा, बाप, भाऊ, पुतण्या, काका, चुलतभाऊ अशी ती रांग. म्हणजे जुनी भावकी कुराणाने मोडीत काढली नाही, तिच्या आधी बायकांचे वाटे बसवले, असे या मांडणीचे म्हणणे.

शिया मांडणीत जुनी भावकी वारस म्हणून संपलीच. ‘माल सर्वांत जवळच्याचा, असबाच्या तोंडात माती’ असे वचन इमाम जाफर अल-सादिक (मृत्यू इ.स. 765) यांच्या नावावर सांगितले जाते. त्यांच्या कायद्यात वारसांचे तीन वर्ग: पहिला आईवडील आणि मुले-नातवंडे, दुसरा भावंडे आणि आजी-आजोबा, तिसरा काका, आत्या, मामा, मावशी. वरच्या वर्गातला एक जण जरी हयात असला, तरी खालच्या वर्गाला काही मिळत नाही. नवरा किंवा बायको मात्र प्रत्येक वर्गाबरोबर असते. त्यामुळे मुलगी असताना भाऊ, काका, पुतण्या आपोआप बाजूला पडतात. मुलीचा मुलगाही इथे आपल्या आईच्या जागी उभा राहतो. सुन्नींच्या हनफी शाखेच्या कायद्यात तो दूरच्या नात्यात मोडतो आणि लांबचा चुलतभाऊसुद्धा त्याच्या आधी येतो. मला तरी दोन्ही कायद्यांमधला सर्वांत खोल फरक या नातवाच्या जागेतच दिसतो.

दुसऱ्या प्रश्नाला शाळेतला लसावि पुरतो. एक बाई वारली. मागे नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी. नवऱ्याला 1/2, बहिणींना 2/3. छेद 6 घेतला तर 3 आणि 4, बेरीज 7. सहा भागांतून सात द्यायचे कसे? असा पेच दुसरे खलिफा उमर (कारकीर्द इ.स. 634 ते 644) यांच्यापुढे आला. सहकाऱ्यांशी सल्लामसलत करून त्यांनी छेदच 6 चा 7 केला. याला ‘औल’ म्हणतात. कर्जदाराची मालमत्ता अपुरी पडली की सगळ्या सावकारांना सारख्या प्रमाणात झळ बसते, तसेच हे. मालमत्ता 42 दिरहमची असेल तर नवऱ्याला 21 ऐवजी 18 आणि बहिणींना 28 ऐवजी 24.

पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांना हे पटले नाही. वाळूचे कण मोजणारा ईश्वर एका मालमत्तेत न मावणारे वाटे ठरवील कसा, असा त्यांचा सवाल होता. शिया कायदा त्यांच्याच वाटेने गेला. त्यामागचा तर्क सूक्ष्म आहे. नवऱ्याचा वाटा 1/2 वरून घसरतो तो 1/4 या दुसऱ्या ठरलेल्या वाट्यावर. मुलगी किंवा बहीण आपल्या भावाबरोबर वारस झाली की तिला ठरलेला वाटा उरतच नाही, उरलेल्यातले मिळते. म्हणून तूट तिनेच सोसायची. वरच्या उदाहरणात नवऱ्याला पूर्ण 21 आणि बहिणींना 21. म्हणजे ‘शिया कायदा बाईला नेहमी जास्त देतो’ हा सरसकट समज चुकीचा आहे. उरलेले वाटताना लेकीचा फायदा होतो, तूट पडली की तीच कापली जाते.

या नियमांच्या मागे पैगंबरांचे स्वतःचे घर उभे आहे. इ.स. 632 मध्ये ते वारले तेव्हा मुलगी फातिमा, पत्नी, काका अब्बास आणि चुलतभाऊ व जावई (फातिमांचे पती) अली हयात होते. फातिमांनी खैबरजवळच्या फदक या बागायतीवर हक्क सांगितला. ‘आम्हा पैगंबरांना वारस नसतो, आमच्या मागे राहते ते दान’ हे पैगंबरांचे वचन सांगून पहिले खलिफा अबू बकर यांनी तो नाकारला. ‘सुलेमान दाऊदचा वारस झाला’ ही दोन पैगंबरांविषयीची कुराणाची आयत शिया परंपरा याच्या उलट ठेवते. सर्वसाधारण नियम लावून पाहिला तर सुन्नी गणिताने फातिमांना 1/2, पत्नींना मिळून 1/8 आणि अब्बास यांना 3/8 येते. शिया गणिताने पत्नींना 1/8, फातिमांना 7/8 आणि अब्बास यांना शून्य.

पुढे इ.स. 750 मध्ये अब्बास यांचे वंशज अब्बासी खलिफा म्हणून गादीवर आले आणि हे शून्य राजकीय झाले. लेकीच्या मुलांआधी काकाचा हक्क, हा युक्तिवाद त्यांनी अलींच्या वंशजांविरुद्ध उघडपणे वापरला. शिया कायद्यात एक अपवाद आहे, तो याच संदर्भात बघावा. एरवी जवळचा नातेवाईक दूरच्याला बाद करतो. पण बापाचा सावत्र भाऊ (बाप एक, आई वेगळी) आणि बापाच्या सख्ख्या भावाचा मुलगा एवढेच दोघे समोर असतील, तर काकाऐवजी चुलतभाऊ वारस होतो. अब्बास हे पैगंबरांच्या वडिलांचे सावत्र भाऊ होते, अलींचे वडील अबू तालिब सख्खे. नियम आधी की राजकारण आधी, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण नात्यांची जुळणी अगदी तंतोतंत आहे.

भारतात हे गणित आजही कोर्टात लागते. मुस्लिम शरियत कायदा 1937 चा आहे. वाटणी मृताच्या पंथाप्रमाणे होते, वारसांच्या नव्हे. हिशेब इथेच बऱ्याचदा चुकतो. कोकणी मुसलमान सुन्नींच्या शाफई शाखेचे, तर मुंबईतले इस्ना अशरी (बारा इमाम मानणारे) खोजे शिया. म्हणून लेक आणि भाऊ एवढेच वारस असले, तर एका घरात वाटणी निम्मी-निम्मी होते आणि दुसऱ्या घरात सगळे लेकीला जाते. दोन्हीकडे आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या आतले मृत्युपत्र आणि त्यानंतर वाटे. सुन्नी कायद्यात वारसालाच मृत्युपत्राने काही द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते, शिया कायद्यात एक तृतीयांशाच्या आत ती लागत नाही. शिया निपुत्रिक विधवेला जमिनीत वाटा नसतो, जमिनीवरच्या इमारतींच्या किमतीत असतो.

ट्युनिशियाने 1959 मध्ये आणि इराकने 1963 मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून तिथल्या सुन्नी घरांतही लेक असताना भावाला वाटा मिळत नाही.