संकोची स्वभाव, बालपणातील

अनोळखी माणूस, वस्तू, जागा किंवा प्रसंग समोर आला की थबकणे, गप्प होणे, ओळखीच्या मोठ्या माणसाला बिलगणे आणि त्या नव्या गोष्टीकडे जाण्याऐवजी तिच्यावर दुरूनच नजर ठेवणे, असा जो स्थिर कल काही मुलांमध्ये अगदी लहानपणापासून दिसतो, त्याला बालमानसशास्त्रात संकोची स्वभाव किंवा वर्तन-अवरोध म्हणतात. साधारण १५ ते २० टक्के मुलांमध्ये तो ठळकपणे आढळतो. लाजाळूपणा त्याच्या जवळचा असला, तरी दोन्ही एक नव्हेत. लाज माणसांपुरती असते, तर संकोची मूल अनोळखी खेळण्यापुढेही तितकेच बिचकते. एकट्याने खेळण्यात रमणारे मूलही यात मोडत नाही, कारण त्याला इतरांची भीती वाटत नसते.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात ‘हळूहळू रुळणारी’ मुले हा गट, सुमारे १५ टक्क्यांचा, वेगळा नोंदवला होता. मात्र या स्वभावाची शारीरिक बाजू पद्धतशीरपणे तपासण्याचे श्रेय हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन (१९२९–२०२१) यांना जाते. अवघ्या चार महिन्यांच्या, म्हणजे ज्या वयात अनोळखी माणसांची भीती अजून उमटलेलीही नसते, अशा बाळांवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग या विषयाचा पाया मानला जातो. बाळाला आरामशीर बसवून त्याच्यासमोर रंगीत झुलती खेळणी हलवली जात, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले जात आणि सौम्य अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा नाकाजवळ धरला जात असे. बहुतेक बाळे हे शांतपणे पाहत किंवा थोडीफार चुळबुळ करत. सुमारे २० टक्के बाळे मात्र जोरजोराने हातपाय झाडत, पाठ कमानीसारखी वाकवत आणि रडू लागत. या ‘अतिप्रतिसादी’ बाळांपैकी बरीच दुसऱ्या वर्षी नव्या माणसांना आणि वस्तूंना बिचकणारी निघाली, तर सुमारे ४० टक्के ‘अल्पप्रतिसादी’ बाळांपैकी बहुसंख्य धिटाईने पुढे जाणारी ठरली. या स्वभावाची पहिली खूण लाज ही नसून नवेपणाला शरीराने दिलेली तीव्र प्रतिक्रिया ही आहे, ही या प्रयोगाची खरी देणगी होय, आणि संकोची मुलाला हट्टी किंवा लाडावलेले ठरवणाऱ्या प्रत्येकाने ती ध्यानात घ्यायला हवी.

या प्रतिक्रियेचे मूळ केगन यांनी अमिग्डलाशी जोडले. मेंदूच्या दोन्ही बाजूंस कानशिलांच्या आतल्या अंगाला असणारा, बदामाच्या आकाराचा हा पेशीसमूह अनपेक्षित आणि संभाव्यतः धोकादायक गोष्टींची दखल घेतो, आणि त्याच्या मध्यवर्ती केंद्रकातून हायपोथॅलॅमस (संप्रेरके व शारीरिक क्रियांवर नियंत्रण ठेवणारे मेंदूतील केंद्र) व मस्तिष्कस्तंभाकडे (मेंदू व मज्जारज्जू जोडणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या संदेशांमुळे हृदयाचे ठोके वाढतात, कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक स्रवते आणि हालचाल थिजते. माकडांवरील संशोधन याला दुजोरा देते. विस्कॉन्सिन विद्यापीठात नेड केलिन यांच्या गटाने दाखवले की अनोळखी माणसासमोर थिजून बसणाऱ्या ऱ्हीसस माकडांमध्ये अमिग्डला आणि हिप्पोकॅम्पसचा (स्मृतीशी निगडित मेंदूभागाचा) पुढचा भाग अधिक सक्रिय असतो, आणि मध्यवर्ती केंद्रकाला इजा केली असता हे थिजणे कमी होते. माणसांबाबतचा पुरावा २००३ मध्ये कार्ल श्वार्ट्झ, केगन आणि सहकाऱ्यांनी मांडला: वयाच्या दुसऱ्या वर्षी संकोची ठरलेल्या व्यक्तींना तरुणपणी अनोळखी चेहरे दाखवले असता, त्यांचा अमिग्डला धीट गटापेक्षा जास्त प्रतिसाद देतो, असे एमआरआय तपासणीत दिसले. त्या अभ्यासात मात्र केवळ २२ व्यक्ती होत्या.

प्रत्यक्ष रचनेतील फरक तपासणारे महत्त्वाचे काम याच गटाने २०१० मध्ये प्रसिद्ध केले. चार महिन्यांच्या वयात वर्गीकरण झालेल्या ७६ जणांचा मेंदू अठराव्या वर्षी तपासला असता, अल्पप्रतिसादी गटात डाव्या बाजूच्या, डोळ्यांच्या खोबणीवरील ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सची (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाह्य थर) जाडी अधिक होती, तर अतिप्रतिसादी गटात उजव्या बाजूच्या, कपाळामागे खाली मध्यरेषेलगत असणाऱ्या व्हेंट्रोमेडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची. हे दोन्ही भाग अमिग्डलाशी जोडलेले असून भावनिक प्रतिसादाला आवर घालण्याच्या कामात भाग घेतात. संकोची तरुणांमध्ये अमिग्डलाचे आकारमान मोठे असल्याचे, तसेच मेंदूच्या आतल्या बाजूस पुढे असणाऱ्या अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्सचा वरचा भाग पातळ असल्याचे निष्कर्षही पुढे आले आहेत.

या निष्कर्षांना जपून हाताळले पाहिजे. हे फरक गटांच्या सरासरीतील आहेत. एखाद्या मुलाचे मेंदूचित्र पाहून त्याचा स्वभाव सांगता येत नाही. शिवाय अठराव्या वर्षी मोजलेल्या जाडीत त्या माणसाने जगलेली अठरा वर्षेही सामावलेली असतात. किशोरवयात कॉर्टेक्स पातळ होत जाणे हा सर्वसाधारण विकासाचाच भाग आहे, त्यामुळे रचनेतील फरक हे स्वभावाचे कारण, की वर्षानुवर्षे माघार घेत राहण्याचा परिणाम, हे एकाच वेळी केलेल्या मोजणीतून ठरत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट दिसतो, पण तो निर्णायक नाही. केगन यांनी अभ्यासलेल्या मुलांपैकी अतिप्रतिसादी बाळे मोठेपणी क्वचितच अतिशय धीट झाली, मात्र त्यांतील पुष्कळजण मध्यम स्वभावाचे बनले.

संकोच आजारात रूपांतरित होण्याचा धोका खरा आहे. २०१२ मध्ये झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणानुसार संकोची मुलांपैकी सुमारे ४३ टक्के, तर इतर मुलांपैकी १२ टक्के मुलांना पुढे सामाजिक चिंताविकार (लोकांमध्ये वावरण्याची तीव्र भीती) जडला. म्हणजे निम्म्याहून अधिक संकोची मुले त्यातून सुटली. मेरीलँड विद्यापीठात नेथन फॉक्स यांनी केलेल्या संशोधनातून यामागचा एक धागा हाती येतो. १४ महिन्यांच्या वयात संकोची असणाऱ्यांचा स्वभाव २६ व्या वर्षीही अधिक अबोल व अंतर्मुख राहिला, पण चिंता आणि नैराश्याची लक्षणे प्रामुख्याने त्यांच्यात आढळली, ज्यांचा मेंदू पंधराव्या वर्षी स्वतःच्या चुकांना तीव्र विद्युत प्रतिसाद देत होता.

पालकांच्या वागण्याचाही वाटा आहे. मुलाला प्रत्येक नव्या प्रसंगापासून वाचवणारी अतिकाळजी संकोच टिकवून धरते, आणि ढकलून दिल्यानेही भीती वाढते. ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठात रॉनल्ड रेपी यांनी संकोची बालकांच्या पालकांसाठी सहा सत्रांचा एक कार्यक्रम तयार केला, ज्यात मुलाला भीतीदायक वाटणाऱ्या प्रसंगांना पायरीपायरीने सामोरे नेण्यास शिकवले जाते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत, वर्षभरानंतर या मुलांमधील चिंताविकारांचे प्रमाण इतरांच्या तुलनेत अधिक घटलेले आढळले. संकोचाच्या मोजमापात मात्र दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही.