द्वीपप्रदेशांची चांदीची स्मारक नाणी (संग्रह)

प्रशांत महासागरातील नियुए, कुक बेटे, टोकेलाऊ, तुवालू, पिटकेर्न अशा चिमुकल्या प्रदेशांच्या नावाने निघणारी, बाजारात न फिरणारी नाणी जमवण्याचा छंद. पिटकेर्नवर पन्नासहूनही कमी माणसे राहतात. अशा ठिकाणी टांकसाळ नसते. नाव आणि दर्शनी किंमत बेटाची, नाणी पाडली जातात बाहेर. तुवालूची बरीच नाणी ऑस्ट्रेलियातील पर्थ मिंटमध्ये पाडली आहेत. नियुएच्या एक औंसाच्या नाण्यावर बहुधा 2 डॉलर लिहिलेले असतात, पण त्यातील चांदीच त्याहून कितीतरी महाग.

हा औंस ट्रॉय, म्हणजे 31.10 ग्रॅम, दहा ग्रॅमच्या तोळ्याने तीन तोळ्यांहून थोडा जास्त. जुनी 38.61 मिमी व्यासाची 925 टंचाची (हजारात 925 भाग चांदी) नाणी 28.28 ग्रॅमची असतात आणि त्यांत शुद्ध चांदी 26.16 ग्रॅमच भरते. भाव करताना हाच आकडा धरावा.

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी हा सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या गलाई व्यावसायिकांचा मुलूख. टंच काढून देणारा माणूस इथे सहज भेटतो. मात्र कसोटीवर घासलेले नाणे संग्रहातून बाद होते. त्याऐवजी 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा आणि नाणे बारीक दोऱ्याने, तळाला वा कडेला न टेकवता, पूर्ण बुडवावे. 999 चांदीच्या 31.10 ग्रॅमला काटा सुमारे 2.97 दाखवतो, तेवढ्याच वजनाच्या तांब्याला 3.47. बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो. आरशासारख्या प्रूफ नाण्यावर किंवा रंगीत नाण्यावर हा प्रयोग करू नये.

खरा शत्रू गंधक. तासगाव-मिरज भागात द्राक्षावरील भुरी रोगासाठी गंधक वापरतात, बेदाण्याला त्याचीच धुरी देतात. गंधकाची पोती असलेल्या खोलीत चांदी आधी पिवळसर, मग निळसर, शेवटी काळी पडते. ती उजळायला देवाच्या भांड्यांसारखी रांगोळी किंवा दंतमंजन लावले की प्रूफचा आरसा कायमचा जातो. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातून येणारा हिरवट चिकट थर मात्र शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून निघतो: विस्तवापासून दूर, न घासता. रंगीत नाण्याला अ‍ॅसिटोन अजिबात नको. 999 चांदीवरचे दुधी ठिपके सहसा कशानेही निघत नाहीत. तसेच राहू द्यावेत.

नाणे कडेला धरून कडक डबीत, सिलिका जेलसह ठेवावे. डबी आणि प्रमाणपत्र हरवले की सराफ मोडीचाच भाव देतो. कृष्णाकाठच्या घरांत 2019 आणि 2021 चा पूर लक्षात घेऊन पेटी वरच्या मजल्यावर असावी.