संविधानिक नैतिकता

संविधानिक नैतिकता : राज्यघटनेच्या चौकटीविषयी राज्यकर्ते आणि नागरिक या दोघांच्याही अंगी मुरलेला आदर. घटनेनुसार अधिकारावर असलेल्यांचे ऐकायचे, पण त्यांच्या कारभारावर बेधडक टीकाही करायची. आणि पक्षापक्षांतले भांडण कितीही विकोपाला गेले तरी समोरच्यालाही घटना आपल्याइतकीच पवित्र आहे हा भरवसा ठेवायचा, हा तिचा गाभा. इंग्रज इतिहासकार जॉर्ज ग्रोट (१७९४–१८७१) यांनी ग्रीसच्या इतिहासावरील आपल्या बाराखंडी ग्रंथात, क्लिस्थेनीसने घडवलेल्या अथेन्सच्या लोकशाहीबद्दल लिहिताना ही कल्पना मांडली.

भारतीय प्रजासत्ताकाच्या पायाभरणीत ती आली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे, आणि आली एका रुक्ष वाटणाऱ्या आक्षेपाच्या उत्तरात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी संविधान सभेत ३१५ कलमांचा मसुदा मांडला. त्यात ब्रिटिश राजवटीतल्या १९३५च्या भारत सरकार कायद्यातले प्रशासनाचे तपशील जसेच्या तसे कशाला घेतले, अशी टीका होत होती. आंबेडकरांनी ग्रोटचा उतारा वाचून दाखवला. त्यांचे म्हणणे असे : लोकांत संविधानिक नैतिकता भिनलेली असेल तर असे तपशील कायदेमंडळावर सोपवता येतात. पण ती उपजत नसते, जोपासावी लागते. घटनेच्या एका शब्दालाही हात न लावता, केवळ कारभाराची रीत बदलून घटना निकामी करता येते. भारतात लोकशाही हा मूळच्या लोकशाहीविरोधी जमिनीवर पसरलेला वरचा थर आहे, हे त्यांचे वाक्य याच भाषणातले. आपली घटना एवढी लांबलचक का, याची इतरही कारणे आहेत. पण तत्त्वज्ञानाच्या अंगाने याहून खोल उत्तर दुसरे नाही.

२५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात हा शब्दप्रयोग मध्यवर्ती नसला, तरी विचार तोच पुढे जातो. घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर रक्तरंजित क्रांतीबरोबरच कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रहही सोडला पाहिजे, असे त्यांनी सांगितले. हे सांगणाऱ्याने १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला होता, हे इथे विसरता कामा नये. त्यात विसंगती नाही: घटनात्मक वाटच नव्हती तेव्हा त्या मार्गांना बरेच समर्थन होते, हे त्यांनी तिथेच स्पष्ट केले. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा दाखला देऊन थोर पुरुषाच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नका, असे बजावले. धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीची वाट असेलही, राजकारणातली भक्ती मात्र अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा महाराष्ट्रासारख्या भक्तिपरंपरेत वाढलेल्या प्रदेशाला विशेष भिडावा. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारले गेले.

अलीकडे न्यायालयांनी या संज्ञेला वेगळे वळण दिले. सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्ह्यातून वगळताना बहुसंख्याकांच्या सामाजिक नैतिकतेपेक्षा संविधानिक नैतिकता श्रेष्ठ मानली. ग्रोटच्या लेखी हा कार्यपद्धतीविषयीचा आदर होता. आता ती हक्क जोखण्याची कसोटी झाली. त्याच महिन्यातल्या, केरळमधील शबरीमला मंदिराच्या निकालात बहुमताने महिलांच्या प्रवेशासाठी तिचाच आधार घेतला, तर न्या. इंदू मल्होत्रा यांनी भिन्नमतात म्हटले, की बहुविध समाजात प्रत्येक पंथाला आपल्या श्रद्धेप्रमाणे वागू देणे हीसुद्धा संविधानिक नैतिकताच.